गहू सोडण्याआधी

पोट वारंवार बिघडतं म्हणून आहारातून गहू काढायचा विचार असेल, तर आधी रक्त तपासून घ्या, मग पोळी बंद करा. या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, म्हणून ती सुरुवातीलाच सांगतो. क्रम उलटा झाला तर निदानाची वाट बंद होते आणि ती पुन्हा उघडायला कित्येक आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. असं का, ते पुढे येईलच. त्याआधी, गहू सोडायचा मोह माणसाला का होतो ते समजून घेऊ.

पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल सव्वा तासाहून जास्त वेळ घेते आणि तिच्यात शौचालय नसतं. ज्याचं पोट भरवशाचं नाही, त्याचा दिवस या एका गोष्टीभोवती फिरतो. सकाळी दोनदा-तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. नाश्ता टाळून घर सोडायचं, कुठल्या स्टेशनावर सोय आहे ते लक्षात ठेवायचं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायची. दुपारी पोट फुगतं, संध्याकाळी कळा येतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बिणीचा रिपोर्टही नॉर्मल. घरचे म्हणतात, तुला काही झालेलं नाही, तू फार विचार करतोस. अशा माणसाला जिममधला मित्र किंवा मावसबहीण सांगते, ‘गहू सोडून बघ, मला आठ दिवसांत फरक पडला.’ तो ते ऐकतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्रास खरा आहे. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काहीतरी करण्याजोगं सांगितलेलं असतं.

म्हणून ‘हे सगळं फॅड आहे’ असं म्हणून हा सल्ला उडवून लावणं बरोबर नाही. त्यात तथ्य किती, ते कुठे आहे आणि आपल्या बाबतीत ते खरं आहे का, हे पडताळायची रीत हवी.

रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास खरा

डॉक्टर या त्रासाला आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. त्याची ओळख लक्षणांवरून होते. २०१६ साली ठरलेल्या ‘रोम ४’ निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटात दुखलं पाहिजे, आणि पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी त्या दुखण्याशी जोडलेल्या असल्या पाहिजेत: शौचाला गेल्यावर दुखणं कमी-जास्त होणं, शौचाला जायची वारंवारता बदलणं आणि मलाचं स्वरूप बदलणं. त्रास सुरू होऊन निदान सहा महिने झालेले असावेत. कुणाला जुलाब जास्त, कुणाला बद्धकोष्ठ, तर कुणाला दोन्ही आलटून पालटून.

मलाबरोबर चिकट पदार्थ पडला की आपल्याकडे लगेच ‘आव झाली’ म्हणतात आणि मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या आणतात. आयबीएसमध्येही असा चिकटपणा दिसतो, आणि तो जंतूंमुळे नसला तर अँटिबायोटिकचा कोर्स करून काही साधत नाही. उलट आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते. दुसरीकडे, खरोखरच्या जंतुसंसर्गाने जुलाब झालेल्या दहा जणांमागे साधारण एकाला पुढे आयबीएस जडतो. संसर्ग बरा होतो, आतड्याची संवेदनशीलता मात्र वाढलेली राहते.

आजाराचं मूळ बऱ्याच अंशी या संवेदनशीलतेत आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१७ साली निरोगी माणसांना आणि आयबीएसच्या रुग्णांना मोठ्या आतड्यात जाऊन आंबणारी साखर देऊन एमआरआयने त्यांची आतडी पाहिली. मोठ्या आतड्यात गॅस दोघांच्याही सारखाच साठला, पण त्रास रुग्णांना जास्त झाला. याचा अर्थ रुग्णाच्या पोटात गॅस जास्त होतोच असं नाही. आहे तोच गॅस त्याच्या आतड्याच्या नसांना जास्त जाणवतो आणि मेंदूपर्यंत जास्त जोराने पोचतो. ताण, अपुरी झोप आणि अवेळी जेवण यांनी हा जोर वाढतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे सोडून देणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

ग्लूटेन हातात घेऊन पाहा

ग्लूटेन म्हणजे काय ते स्वयंपाकघरातच बघता येतं. पोळीसाठी मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होऊन वाहू लागेल, तो स्टार्च. पाणी निवळत आलं की बोटांत पिवळट-राखाडी, चिवट, ताणला तर रबरासारखा लांबणारा लगदा उरेल. ते ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच करून गव्हातलं हे प्रथिन वेगळं काढलं होतं.

ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं पाण्याबरोबर एकमेकांत गुंतली की हे जाळं तयार होतं. पोळी पातळ लाटता येते, फुगते, पाव जाळीदार होतो, ते याच जाळ्यामुळे. याच जातीची प्रथिनं जवात म्हणजे बार्लीत आणि राय या धान्यातही असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, मका आणि राजगिरा यांत ती नसतात. म्हणूनच तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवायचं, परातीत काढून चटके सोसत गरम असतानाच मळायचं. गरम पाण्याने स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लूटेन नसताना पीठ धरून ठेवायचं काम करतो.

सीलिॲक: इथे तडजोड नाही

काही माणसांच्या शरीरात ग्लूटेन गेलं की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर अन्न शोषून घेणारी बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांची रांग असते. ती झिजून सपाट होते. हा सीलिॲक आजार. लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ साली त्याचं वर्णन केलं, पण दोषी अन्न कुठलं ते कळायला अर्धशतक जावं लागलं. नेदरलँड्समधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना १९३०च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो संशय आणखी बळावला. १९५० साली उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गहू आणि राय काढल्याने मुलं सुधारतात हे मांडलं.

या आजारात जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं ही लक्षणं दिसतात आणि बऱ्याचदा ती आयबीएससारखीच भासतात. कधी पोटाची तक्रार नगण्य असते, पण लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही किंवा मुलाची उंची खुंटते. निदानाची पहिली पायरी म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी आणि तिच्या जोडीला एकूण आयजीए. ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे काढून बायोप्सी करतात.

सुरुवातीला सांगितलेल्या क्रमाचं कारण इथे आहे. टीटीजीच्या तपासणीत शोधतात त्या अँटिबॉडी ग्लूटेन खाल्ल्यामुळे तयार होतात. गहू बंद केला की त्या उतरू लागतात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. खरं निदान हवं असेल तर रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू घेत निदान सहा आठवडे काढून मग तपासणी करावी लागते, आणि गहू सोडून ज्याला बरं वाटलं आहे त्याला हे सहा आठवडे फार जड जातात. निदान मात्र हवंच. आयबीएसवाल्याने एखादी पोळी खाल्ली तर फार तर त्या दिवशी पोट फुगेल. सीलिॲकच्या रुग्णाला आयुष्यभर कणभरही गहू चालत नाही, आणि त्याच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांचीही तपासणी व्हावी लागते.

भारतात हा आजार कुठे किती आहे, याची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दिल्लीचा परिसर, आसाम आणि वेल्लोर मिळून २३ हजारांहून जास्त प्रौढांना तपासलं होतं. उत्तरेत प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. सीलिॲकला लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. रोजच्या आहारातला गहू मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होता. जनुकं आहेत, पण गहू पोटात फारसा जात नाही, अशी दक्षिणेची स्थिती दिसते. जिथे ताटातला तांदूळ कमी होऊन गहू वाढतो, तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी सीलिॲकचा विचार वेळेवर केला पाहिजे.

पनवेल अशाच जागांपैकी एक आहे. हा भाताचा मुलूख. खाडीच्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती शोधण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे. ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या जाती तिथल्याच. जुन्या पिढीत पोळी सणावाराला आणि पाहुण्यांसाठी व्हायची, रोज तांदळाची भाकरी आणि भात. १९५६च्या पीएल-४८० करारानंतर आलेला अमेरिकी गहू, पुढे हरितक्रांती आणि रेशन, आणि सिडकोच्या वसाहतींमध्ये देशावरून व उत्तरेतून येऊन वसलेली कुटुंबं, यांनी पोळी रोजची केली. स्टेशनबाहेरचा वडापाव, ऑफिसच्या चहाबरोबरची बिस्किटं, रात्रीचे नूडल्स यांची तिच्यात भर पडली. दिवसभरात गहू किती वेळा पोटात जातो ते एकदा मोजून पाहा.

दोषी ग्लूटेन की दुसराच कुणी?

आता खरा प्रश्न. सीलिॲक नाही, तपासणी नॉर्मल आहे, तरी गहू सोडल्यावर बरं वाटतं. हे ग्लूटेनमुळे का?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०११ साली सीलिॲक नसलेल्या ३४ आयबीएस रुग्णांना सहा आठवडे पाव आणि मफिन दिले. काहींत ग्लूटेन होतं, काहींत नव्हतं, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. ग्लूटेन मिळालेल्या १९ पैकी १३ जणांनी त्रास आटोक्यात नसल्याचं सांगितलं, ग्लूटेन न मिळालेल्या १५ पैकी सहा जणांनी. ही बातमी जगभर पोचली.

त्याच गटाने २०१३ साली आपलाच निष्कर्ष पुन्हा तपासला. या वेळी ३७ जणांच्या आहारातून आधी दोन आठवडे आंबणाऱ्या साखरा कमी केल्या. सगळ्यांनाच बरं वाटलं. त्यानंतर गुपचूप ग्लूटेन दिलं, तेव्हा ग्लूटेनचा म्हणून वेगळा परिणाम जवळपास कुणातच दिसला नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा कसोटीला लावणाऱ्या संशोधकांचे आपण आभार मानले पाहिजेत.

२०१८ साली नॉर्वेतल्या ओस्लोच्या संशोधकांनी प्रश्न आणखी नेमका केला. सीलिॲक नसूनही स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना त्यांनी सात-सात दिवस तीन प्रकारचे बार खायला दिले: एकात ग्लूटेन, दुसऱ्यात फ्रुक्टॅन ही गव्हातली साखरेची साखळी, तिसऱ्यात दोन्हीपैकी काहीच नाही. चव सारखीच. सगळ्यात जास्त त्रास २४ जणांना फ्रुक्टॅनच्या बारने झाला, २२ जणांना काहीच नसलेल्या बारने आणि १३ जणांना ग्लूटेनच्या बारने.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, गव्हाने त्रास होतो हे पुष्कळांच्या बाबतीत खरं असलं, तरी दोष बहुधा फ्रुक्टॅनचा असतो. फ्रुक्टॅन फोडायचं विकर माणसाजवळ नाही. तो लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला आंबवून गॅस करतात. गव्हात त्याचं प्रमाण वजनाच्या एक-दोन टक्केच असतं, पण आपण गहू भरपूर खातो. दुसरी, काहीच नसलेल्या बारनेही २२ जणांना सगळ्यात जास्त त्रास झाला. त्रास होणार ही अपेक्षा आतड्यात खरोखरचा त्रास उमटवते. या माणसांना खोटं ठरवायचं कारण नाही. आतडं आणि मेंदू यांचं नातं किती जवळचं आहे ते यातून कळतं. हा सगळा पुरावा पाहून ब्रिटिश गॅस्ट्रोएंटरॉलॉजी सोसायटीने २०२१च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी सरसकट ग्लूटेनमुक्त आहाराची शिफारस केलेली नाही. अन्नाची ‘ॲलर्जी’ दाखवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या आयजीजी तपासण्यांवरून पदार्थ वगळू नयेत, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

पनवेलच्या ताटात काय काय आहे

फ्रुक्टॅन लक्षात आला की ताटाकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. कांदा आणि लसूण यांत तो भरपूर असतो. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड आणि नाजूक, पण आयबीएसवाल्या पोटाला तोही कांदाच. कडधान्यांत फ्रुक्टॅनची चुलत भावंडं असतात. तीही तशीच न पचता पुढे जाऊन आंबतात. रायगडातली हिवाळ्यातली पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, आणि वरून शेकोटी. त्यात गव्हाचा कण नाही, संपूर्ण ग्लूटेनमुक्त जेवण. तरी पोपटीच्या दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, तर त्याचं कारण वालात शोधावं. पोळी सोडून तांदळाच्या भाकरीबरोबर कांदा-लसणाचं झणझणीत वाटण आणि वालाचं बिरडं रोज खाल्लं, आणि ‘ग्लूटेन सोडूनही फरक पडला नाही’ असं म्हटलं, तर ते बरोबरच आहे. फरक पडायचं कारणच नव्हतं.

जुन्या रीतींत काही उपाय आपसूक आहेत. वाल रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन, मोड आणून, सोलून डाळिंब्या केल्या की त्या त्रासदायक साखरा कमी होतात. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून लसणाच्या सोललेल्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतून बाहेर काढल्या आणि त्याच तेलात फोडणी केली, तर स्वाद उतरतो आणि फ्रुक्टॅन पाकळ्यांबरोबर बाहेर जातो. रश्श्यात शिजलेला कांदा नंतर वेचून काढून मात्र उपयोग नाही; तोवर त्यातला फ्रुक्टॅन रश्श्यात उतरलेला असतो.

सीलिॲकचं निदान झालेल्यांनी आणखी बारकाईने पाहायला हवं, कारण गहू नको तिथे लपलेला असतो. डबीतला बांधानी हिंग बऱ्याचदा मैदा घालून केलेला असतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ यांत गहू असतो. शेवया, कुरडया, रव्याचे लाडू, सोया सॉस यांतही तो आहेच. ज्वारी गिरणीत गव्हानंतर दळली तर दगडाला लागलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत येतं. म्हणून अशा घरांनी वेगळी घरघंटी ठेवावी, किंवा खात्रीच्या ठिकाणचं पीठ आणावं. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं असेल तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. याउलट उपवासाचे साबुदाणा, वरई, राजगिरा आणि शिंगाडा हे मुळात ग्लूटेनमुक्तच आहेत.

नुसत्या आयबीएससाठी हिंगाच्या डबीची इतकी काळजी करायची गरज नाही. चिमूटभर हिंगातल्या मैद्याने काही बिघडत नाही. उलट कांदा-लसणाची उणीव हिंग छान भरून काढतो. महागडी ‘ग्लूटेन-फ्री’ बिस्किटं आणि केकही लागत नाहीत. त्यांत पुष्कळदा साखर आणि स्टार्च जास्त, तंतू कमी असतात. भात आणि भाकरी खाणाऱ्या माणसाला गहू सोडायला वेगळं दुकान शोधावं लागत नाही, ही या प्रदेशाची मोठी सोय आहे.

प्रयोग कसा करावा

आधी डॉक्टरांना भेटा. मलातून रक्त जाणं, न ठरवता वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा सीलिॲकचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासण्या पूर्ण करा. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आणि जिआर्डियासारखे परोपजीवीही असाच चेहरा घेऊन येतात. टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए याच टप्प्यावर, रोजचा गहू चालू असताना करून घ्या.

तपासण्या नॉर्मल आल्या की दोन आठवडे आहारात काहीही न बदलता वही ठेवा. रोज रात्री दुखणं आणि फुगणं यांना शून्य ते दहा गुण द्या, शौचाला किती वेळा गेलात आणि मल कसा होता ते लिहा. ही वही नसेल तर पुढे सुधारणा झाली की नाही ते मनावर ठरतं, आणि मनाचा कौल किती फसवा असतो ते ओस्लोच्या प्रयोगात आपण पाहिलंच.

मग चार आठवडे गहू, मैदा, रवा आणि जव बंद. त्याच वेळी दूध, चहा, तिखटही सोडू नका. सगळं एकदम सोडलं तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही. पोळीच्या जागी भात, तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, घावन, पोहे घ्या. कांदा, लसूण आणि कडधान्यं आधी खात होता तितकीच खा, वाढवू नका.

चार आठवड्यांनी वहीत काही फरक दिसला नाही, तर गहू पुन्हा सुरू करा आणि तो प्रश्न मिटला असं समजा. फरक दिसला, तरी प्रयोग अर्धाच झालेला असतो. आता गहू परत आणायचा: पहिल्या दिवशी एक पोळी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. त्रास परतला की थांबा, पोट निवळू द्या आणि मग पुन्हा एकदा करून पाहा. दोन्ही वेळा त्रास परतला तरच गव्हाचा संबंध मानावा. आणखी खात्री हवी असेल तर घरातल्या कुणाची मदत घ्या. मिरची-कोथिंबीर घालून तांदळाच्या पिठाची धिरडी करायची. काही दिवस त्यांत अर्धं गव्हाचं पीठ मिसळायचं, काही दिवस नाही, आणि कुठल्या दिवशी काय होतं ते खाणाऱ्याला आठवडा संपेपर्यंत सांगायचं नाही. मग वहीतले गुण आणि स्वयंपाकघरातली नोंद शेजारी ठेवून पाहा.

त्रास किती गव्हाने होतो, हेही यात कळतं. पुष्कळांना एक-दोन पोळ्या सहज पचतात, चौथ्या पोळीला पोट फुगतं. मग एक-दोन पोळ्या खायला काय हरकत आहे? कांदा आणि वालही याच रीतीने, एकेक करून तपासता येतात. बऱ्याच गोष्टींनी त्रास होत असेल तर मोनॅशच्या संशोधकांनी विकसित केलेला, आंबणाऱ्या साखरा कमी करणारा फॉडमॅप आहार करता येतो. पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. वगळण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. पुढे एकेक पदार्थ परत आणणं हा त्या आहाराचा गाभा आहे, आणि नेमका तोच टप्पा बहुतेक लोक गाळतात.

पदार्थ वगळण्याव्यतिरिक्तही करण्यासारखं आहे. इसबगोलासारखे विद्राव्य तंतू थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवले तर पुष्कळांना आराम पडतो. गव्हाच्या कोंड्याने मात्र फुगणं वाढू शकतं. ठरलेल्या वेळी जेवण, रोजचं चालणं, पुरेशी झोप यांचा परिणाम खरा असतो. आणि आयबीएसवर औषधंही आहेत. आहाराने भागलं नाही म्हणून हार मानू नये.

आयबीएसवाल्या माणसाचं जग तसंही आकसत जातं. प्रवास टळतो, लग्नाचं जेवण टळतं, मित्रांबरोबरचा वडापाव टळतो. त्यात कारण नसताना आयुष्यभराची एक मनाई वाढवली, तर तो माणूस आणखी एकटा पडतो. दुसरीकडे, ज्याला खरोखर सीलिॲक आहे त्याला ‘आयबीएस आहे, ताण घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं, तर त्याचं आतडं वर्षानुवर्षं झिजत राहतं. एक रक्ततपासणी, एक वही आणि चार-सहा आठवड्यांचा संयम एवढ्यावर या दोन्ही चुका टळतात. म्हणून उद्या सकाळी पोळी खुशाल खा आणि टीटीजीसाठी रक्त द्यायला जा. गहू ठेवायचा की सोडायचा, ते त्यानंतर ठरवा.